बसायची खोली

सोमवार, १० फेब्रुवारी
आज मीटिंग. मानसोपचारच्या मुजावर मॅडमनी (पुढे मु.मॅ., बोटं दुखतात) कॅज्युअल्टीतली अडगळीची खोली मागून घेतली. मार्चअखेरपर्यंत. पुढे खोली राहणार की स्टोअरवाले परत घेणार, ते वरचे ठरवतील. वरचे म्हणजे कोण, हे आजवर कुणाला कळलेलं नाही.

खोली कशाला, तर जीव नकोसा झालेला, डोकं ताब्यात नसलेला, घाबरून थरथरणारा असा कुणी आला तर त्याला अपघातवाल्यांच्या गर्दीत ठेवायचं नाही. आधी नाडी, बीपी, शुगर, ताप, नेहमीसारखं. मग त्या खोलीत न्यायचं आणि कुणीतरी जवळ बसायचं. कॉटला बांधायचं नाही. आल्या आल्या झोपेचं इंजेक्शन नाही. पोलीस दाराबाहेर.

"बसायचं कुणी?" मी विचारलं.
"तुम्ही, सुमन सिस्टर."

नोकरीत आजवर बसायला मिळालं नाही, आता ऑर्डरने बसायचं. घरी ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "चला, कुणीतरी तुझी किंमत ओळखली."

गुरुवार, १३ फेब्रु.
खोली रिकामी केली. मोडकी स्ट्रेचर, प्लास्टरच्या पोत्यांची धूळ, एक छत्री (कुणाची कोण जाणे). भिंतींना प्रसूती विभागातला उरलेला गुलाबी रंग. एक कॉट, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, एक माठ. माठ घरून नेला. फिल्टर आहे म्हणाले, असू दे. माठाच्या पाण्याने माणूस निवतो.

दारावर काय लिहायचं यावर बराच खल. मी म्हटलं, साधं लिहा की, 'बसायची खोली'. लिहून लावलं सुद्धा. मग वॉर्डातले मामा एकमेकांना कोपरखळ्या मारायला लागले. "सिस्टर, बसायचं म्हणताय, पण चकण्याला शेंगा कोण आणणार?" तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. आता पाटी काढली तर जास्तच हसतील, म्हणून तशीच ठेवली.

मंगळवार, १८ फेब्रु.
पहिला आला. चिंचोळी एमआयडीसीतला फिटर, चाळिशीचा. छातीत दुखतंय म्हणून सोबतच्यांनी रिक्षात घालून आणला. ईसीजी सरळ. आमचे कॅज्युअल्टीचे मोठे डॉक्टर शिंदे सर 'गॅस आहे, घरी जा' म्हणतच होते, पण मी त्याचा हात बघितला. थरथर थांबत नव्हती.

खोलीत नेला. मु.मॅ.नी बजावलंय की उपदेश करायचा नाही, 'सगळं ठीक होईल' असंही म्हणायचं नाही. मग म्हणायचं काय? तोंड मिटून, हात मांडीवर ठेवून मला बसवेना. शेवटी गॉजचा गठ्ठा आणला आणि घड्या घालत बसले. मेथी निवडायला बसलं की शेजारची बाई आपोआप मनातलं बोलायला लागते. तसंच झालं. माझ्या हातांकडे बघता बघता तो म्हणाला, "सिस्टर, छातीत काय न्हाय. कंपनीच्या गेटातनं आत शिरलं की वाटतंय, आता मरतोय. रोजचंच झालंय. सांगावं कुणाला?"

मला सांगितलंस की, म्हटलं. मग त्यानेही थोड्या घड्या घातल्या. वाकड्या. त्याला ओपीडीला बोलावलंय.

मु.मॅ.ना भीत भीत सांगितलं की बसताना मी काम केलं. म्हणाल्या, "करा की. डोळ्यांत डोळे घालून बसलं तर माणूस बुजतो." बाई गुणाची आहे.

शनिवार, १ मार्च
कटकट. बाहेर ट्रकचा अपघात, आम्ही सगळ्या तिकडे. मागे एक म्हातारा आरडाओरडा करत आला तर मामांनी बांधून टाकला. बसायला कुणी नव्हतं. शुगर बघायचीही राहिली. शिंदे सरांनीच नंतर बघितली तर पार खाली. ग्लुकोज दिल्यावर म्हातारा शहाण्यासारखा म्हणाला, "आता सोडा की मला." पट्टी सरांनी स्वतःच्या हाताने सोडली.

तरी मला म्हणाले, "एक सिस्टर खोलीत बसणार, म्हणजे बाहेर दोन हात कमी. ते कुठून आणू?" खोटं काय बोलले? पण राग आला. पूर्वी कुणी बसत नव्हतं तेव्हा वाईट वाटत नव्हतं, आता वाटतं. मु.मॅ.नी हे दुखणं लावून दिलं.

उद्यापासून रोजे. मु.मॅ. म्हणाल्या, "चिडचिड झाली तर सांभाळून घ्या." म्हटलं, माझी बिनरोज्याची असते, तुम्हीच सांभाळून घ्या.

गुरुवार, ६ मार्च
आजचं नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

सकाळी एसटी स्टँडवरून पोलिसांनी एक बाई आणली. विशीतली. केस मोकळे, साडी ओलीचिंब. भानावर यावी म्हणून लोकांनी तिच्यावर बादली ओतली होती. स्वतःच्या डोक्यावर हात मारून घेत होती आणि एकच घोकत होती, "पाप… पाप… येडु…" पुढचं तोंडातल्या तोंडात. सोबत कुणी नाही, पिशवी नाही, नाव सांगेना.

हवालदार गायकवाड म्हणाले, "पाप पाप करतीय. कायतरी करून आलीय ही, सिस्टर. जबाब घ्यावा लागंल." मामा म्हणाले, स्वतःला येडी म्हणतीय. कुणाला शंका आली नाही. शब्द मराठीच होते की.

बीपी बरं, शुगर बरी, अंगात कणकण. शिंदे सर म्हणाले, "झोपवा हिला, डोकं फोडून घेईल." इंजेक्शन भरलं सुद्धा. मी म्हटलं, "सर, मु.मॅ. वॉर्डातून निघाल्यात. त्या येईपर्यंत मी बसते." सरांनी माझ्याकडे बघितलं, बाहेरच्या रांगेकडे बघितलं. "बसा. इंजेक्शन ट्रेमध्ये तयार राहू दे."

खोलीत नेली. पंखा मोठा केला, गॉज घेतला. ती कॉटवर टेकेना, सारखी दाराकडे धावे. "पाप… पाप…" मला वाटलं, बिचारी कसल्या तरी अपराधाने जळतेय. उपदेश करायचा नाही हे साफ विसरले आणि आई बोलेल तसं बोलायला लागले. "नाही ग बाई. पाप नाही. कसलं पाप? पाप-बिप काही नाही."

तिनं माझ्याकडे बघितलं. तसं बघणं मी कधी बघितलं नव्हतं. मग किंकाळी फोडली. मी आणखी मऊ आवाजात, "पाप नाही ग, खरंच नाही." ती जमिनीवर पडून लोळायला लागली. जितकं समजवावं तितकं वाढत गेलं. दारात मामा पट्टी घेऊन उभे. मलाही वाटलं, शिंदे सरांचंच बरोबर होतं.

तेवढ्यात पडदा सारून एक बुरख्यातली बाई आत डोकावली. शबाना भाभी. नवरा रिक्षावाला, पाय मोडलाय, प्लास्टरसाठी दोघं बाहेर बाकावर होते. मी ओरडणारच होते, बाहेर थांबा म्हणून.

"सिस्टर, तुम उसको 'पाप नै, पाप नै' काय को बोलरे? और रो रई ना वो."
"मग काय बोलू?"
"पाप बोले तो बच्ची. तेलगू है वो. हमारी गल्ली में सब तेलगू लोगां है. 'पाप येडुस्तुंदी' बोल रई. बच्ची रो रई, बोल रई."

माझ्या हातातला गॉज खाली पडला. म्हणजे इतका वेळ मी त्या पोरीला सांगत होते, तुझं बाळ नाही. कसलं बाळ? बाळ-बिळ काही नाही.

मग ब्लाउजकडे लक्ष गेलं. पंख्याने साडी सुकत आली होती, पदर सुकला होता, आणि ब्लाउज पुढून पुन्हा ओला. ते पाणी नव्हतं. अर्धी नोकरी प्रसूती वॉर्डात काढून मला ते दिसलं नाही, कारण मी पाप शोधत होते.

भाभी तिच्यासमोर फरशीवर बसली. हळूच म्हणाली, "पाप एक्कड?" बाळ कुठंय?

बाई जागच्या जागी थांबली. मग भाभीचे दोन्ही हात धरून बोलत सुटली. भाभीलाही सगळं समजत नव्हतं. "स्टँड बोल रई… जाम बोल रई… जाम बोले तो पेरू. पेरूवाली के पास दी बच्ची को. मोरी को गई, वापस आई तो रस्ता भूली."

गायकवाड हवालदार दारातच होते. मघाशी जबाब घ्यायला निघालेला माणूस जबाब सोडून पळाला. पोट सांभाळत, टोपी हातात घेऊन. त्यांचं ते पळणं मी जन्मभर विसरणार नाही.

तोवर आम्ही तिघी फरशीवरच. मी भाभीला विचारून घेतलं, बाळ आहे, येतंय, हे कसं म्हणायचं. तिनं सांगितलं, मी म्हटलं, बाई माझ्या तोंडाकडे बघत राहिली. भाभीनं तिला विचारलं, "नी पेरु एंटी?" मी म्हटलं, अहो पेरूचं झालं की, आता नाव विचारा. इतक्या ताणात भाभीला हसू आलं. "पेरु बोले तो नाम, सिस्टर."

नाव नागमणी.

बाळ आलं. पोलिसांच्या गाडीतून, पेरूवालीच्या मांडीवर, तिच्याच जुनेराच्या दुपट्यात. पेरूवाली मंद्रूपची. म्हणाली, "आई येईल म्हनून जागची हलले न्हाय बगा. पाटी तशीच. लोकं ओरडत हुती तिकडं, पर हे पोर मांडीवर, उटू कशी? लई गुणाची हाय, एकदा सुदिक रडली न्हाय."

एकदाही नाही. आणि आईला मात्र सतत रडणं ऐकू येत होतं. मु.मॅ. आल्या होत्या, त्यांनी तेवढंच ऐकलं आणि मान हलवली. आजार तिथे होता. बाळ खरं होतं, हरवलेलं खरं होतं, पण रडणं आजाराचं.

औषध दिलं. भाभीकडून तिला सांगून, तिची मान हलल्यावर. शिंदे सर आले, बाळाच्या तळव्याला बोट लावून बघितलं, आणि मघाचा ट्रे स्वतः उचलून घेऊन गेले.

घरी येऊन ह्यांना सांगताना रडले. ह्यांनी चहा केला, साखर विसरले. तसाच प्यायले, गोड लागला.

शुक्रवार, ७ मार्च
सासरची माणसं आली. काल दिवसभर शोधत होती. नवरा श्रीनू टॉवेलच्या मागावर कामाला. नागमणी तिकडची, तेलंगणातली, मराठीचे दोन-चार शब्द येतात. बाळंतपणापासून डोळ्याला डोळा नाही. काल सगळे कामावर असताना बाळाला घेऊन आईकडे जायला निघाली होती.

सासू राजव्वा. तोंडाने फटकळ, हाताने बाळ घट्ट धरलेलं. "पोर आमी नेतो. हिला हिच्या आईकडं धाडा. आज पेरूवालीला दिली, उद्या हिरीत टाकंल." श्रीनू खाली बघत उभा.

मु.मॅ. रोज्यात, ओठ सुकलेले, पण आवाज चढवला नाही. बाळंतपणानंतर काही बायकांना हा आजार होतो, ताप यावा तसा येतो, औषधाने उतरतो. सध्या तिला बाळाजवळ एकटी सोडायची नाही, हे तुमचं बरोबर. पण बाळ तोडायचंही नाही. हिला ठेवलंय त्या वॉर्डात तान्ह्याला नेता येत नाही, तर रोज दुपारी कॅज्युअल्टीच्या त्या गुलाबी खोलीत आणा. सिस्टर बसतील.

राजव्वा म्हणाली, "बगू."

जाताना पुन्हा विचारलं, आणाल ना? "बगू म्हनलं की."

सोमवार, १० मार्च
मीटिंगमध्ये मीच तोंड उघडलं. इथून पुढे नाव विचारायच्या आधी विचारायचं, घरी कुठली भाषा बोलता? सोलापुरात राहून हे आम्हाला सुचलं नव्हतं. मु.मॅ. म्हणाल्या, माझ्याही यादीत नव्हतं. शिंदे सरांनी तिथेच विचारलं, तेलुगू कुणाला येतं, कन्नड कुणाला? लॅबमधला, एक्स-रेवाला, स्वयंपाकघरातल्या दोघी, आणि अक्कलकोटकडचे आमचे मामा, ते तर घरी कन्नडच बोलतात. म्हटलं, मामा, कधी बोलला नाहीत? "कुनी इचारलं न्हाय की, सिस्टर."

राजव्वा बाळाला घेऊन आली आज. आली हेच खूप.

गुरुवार, १३ मार्च
रोज येते. पण बाळ स्वतःच्या मांडीवरून सोडत नाही. नागमणी समोरच्या खुर्चीत, हात मांडीत दाबून. औषधाने जरा सुस्त आहे, पण झोप लागतेय, रडणं कमी ऐकू येतं म्हणाली. बाळाकडे बघते आणि सासूने मान वर केली की नजर खाली. मी मध्ये बसून घड्या घालते.

हात लावू दे की जरा, म्हटलं. राजव्वा म्हणाली, "पडलं तर?" तिचंही चुकत नाही. भ्यायलीय ती. पण पोर आजीच्या वासाला सवकली तर ह्या पोरीचं कसं व्हायचं, हे माझ्या मनातून जात नाही. आणि मार्च संपला की ही खोली तरी कुठे?

बुधवार, १९ मार्च
रंगपंचमी. कॅज्युअल्टीत डोळ्यात रंग गेलेली मंडळी. मामा हिरवे.

पण लिहायचं ते वेगळंच. आज नागमणीला गॉज दिला, घाल म्हटलं घड्या. ती घालायला लागली, मीही घालत होते. राजव्वा बघत होती. नाक मुरडत होती. मग राहवेना.

"असल्या घड्या घालत्यात व्हय? कडा जुळंनात. आमच्याकडं असला टॉवेल गेला तर मालक तोंडावर फेकंल. आना हिकडं."

जन्मभर टॉवेलच्या घड्या घातलेली बाई. वाकडी घडी तिला बघवेना. पण घडीला दोन हात लागतात. तिनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं. माझ्या मांडीवर गठ्ठा होता. (मुद्दाम हलवला नाही. एवढं पाप करायला हरकत नाही.) शेवटी तिनं बाळ उचललं आणि समोरच्या मांडीवर ठेवलं. नागमणीच्या.

"मान धर," एवढंच म्हणाली, आणि गॉज ओढून घेतला.

नागमणीने मान धरली. बाळाने तिची बांगडी पकडली. राजव्वा गठ्ठा संपेपर्यंत घड्या घालत राहिली. कडा अशा जुळलेल्या की उघडायचं जिवावर यावं. संपला तेव्हा मी आणखी एक गठ्ठा आणायला उठले.

देवा, आज तुझे उपकार. आणि टॉवेल कारखान्याचेही.

शुक्रवार, २८ मार्च
नागमणीला सुट्टी. आईकडे नाही, सासरी. श्रीनूने पहिल्यांदा तोंड उघडलं, "घरी नेतो, मॅडम." राजव्वाच्या अटी: रात्री बाळ तिच्याजवळ झोपणार, औषध ती स्वतः देणार. मु.मॅ. म्हणाल्या, दोन्ही अटी उत्तम, मीच सांगणार होते. राजव्वाला ते अपेक्षित नव्हतं.

दोन आठवड्यांनी बुधवारी दाखवायला या म्हटलं.
"बगू."

सोमवार, ३१ मार्च
काल पाडवा, आज ईद. शबाना भाभीने शीरखुर्म्याचा डबा पाठवला, नवऱ्याच्या हातून, कुबड्या घेऊन आला बिचारा. मी काल पुरणपोळ्या ठेवल्या होत्या त्या त्याच डब्यातून परत. डबा रिकामा पाठवू नये. मु.मॅ. सुट्टीवर, तरी मी त्यांना फोन केला, खोलीचं काही कळलं का?

नाही. मार्च संपला.

बुधवार, २ एप्रिल
स्टोअरवाले सलाइनची खोकी आणून अर्धी खोली भरून गेले. ऑर्डर नाही, पण मुदत संपली ना, म्हणाले. शिंदे सर बाहेर आले. मला वाटलं, म्हणतील बरं झालं, दोन हात परत मिळाले. म्हणाले, "खोकी एका बाजूला लावा. कॉट आणि खुर्च्या हलवायच्या नाहीत." स्टोअरवाला म्हणाला, वरून विचारतील. सर म्हणाले, "विचारू देत. खोली लागते."

लागते, म्हणाले. मी त्यांना दुपारी माठातलं पाणी नेऊन दिलं. दुसरं काय देणार?

बुधवार, ९ एप्रिल
आज यायची होती. आली नाही.

ओपीडी उठेपर्यंत तीनदा जाऊन बघून आले. फोन लागत नाही. औषध थांबवलं असेल? गावाला धाडली असेल, एकटीला? राजव्वाचं ते 'बगू' कानात बसलंय. मु.मॅ. म्हणाल्या, उशीर होतो कधी कधी, शुक्रवारपर्यंत वाट बघू, मग त्यांच्या वस्तीतल्या आशाताईंना घरी पाठवू.

एमआयडीसीतला फिटर मात्र आला होता. गेटातून आत जातो म्हणाला आता, हळूहळू. त्याचं बरं वाटलं. पण मन तिकडेच.

शनिवार, १२ एप्रिल
आशाताई जाऊन आल्या. घराला कुलूप. शेजारी म्हणाले, लग्नाला गेलेत सगळे तिकडे, तेलंगणात. सगळे म्हणजे कोण कोण, हे विचारायचं त्यांच्या लक्षात आलं नाही. मी असते तर तेच पहिलं विचारलं असतं.

ऊन मी म्हणतंय. माठ दिवसातून दोनदा भरावा लागतो. खोकी अजून तिथेच, खुर्च्याही तिथेच.

बुधवार, १६ एप्रिल
सकाळी एक पोरगी आली, कॉलेजची, दोन मैत्रिणींनी धरून आणलेली. ओठ मिटलेले, नखं तळव्यात रुतलेली. खोक्यांच्या आडोशाला बसवली. विचारलं, घरी कुठली भाषा बोलता? तिला वाटलं चेष्टा करतेय. मग म्हणाली, "कन्नड." मामांना हाक मारली. मामा येऊन दारातच टेकले आणि त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाले, आणि पोरगी रडायला लागली. रडू दिलं. मु.मॅ. आता तिच्याजवळ आहेत. काय होतंय बघायचं.

मी गॉज आणायला बाहेर आले तर कॉरिडॉरमधून राजव्वा येत होती. हातात नुसती पिशवी. बाळ नाही.

मग तिच्या मागून नागमणी. केसांना तेल, पदर खोचलेला, चेहरा भरलेला. खांद्यावर बाळ, टोपडं घातलेलं.

राजव्वा म्हणाली, "लग्नात उशीर झाला. औषध चुकवलं न्हाय, म्या दिलं. नातीला काय माझ्याकडं ठिवंना ही आता, दिवसभर हिच्याच गळ्यात." तक्रारीच्या सुरात. मी म्हटलं, बारसं झालं का? झालं न्हाय, नावावरून भांडण चाललंय, तोवर सगळे पापच म्हणतात.

मु.मॅ.नी सुट्टी देतानाच सांगितलं होतं की औषध अजून पुष्कळ दिवस चालणार, झोप मोडू द्यायची नाही, पुढचं बाळंतपण आलं तर आधी येऊन सांगायचं. सगळं व्हायचंय अजून. खोलीचा कागदही आलेला नाही. आज आत जागा नव्हती म्हणून ह्या दोघींना कॉरिडॉरमधल्या बाकावर बसा म्हटलं, जिथे त्या दिवशी शबाना भाभी बसली होती.

नागमणी बसली नाही. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मराठी शिकतेय, श्रीनू शिकवतो म्हणे. शब्द जुळवत होती, ओठ हलत होते. मग बाळाला माझ्यापुढे धरलं आणि हसली.

"सिस्टर," म्हणाली, "पाप हाय."

हाय ग बाई, म्हटलं. हाय.